पोस्ट कुटुंबाची कागदपत्रे : मराठी नोंदसूचीच्या कामाच्या नोंदी

४ जून २०२५

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयात आयझॅक पोस्ट आणि एमी कर्बी पोस्ट या क्वेकर दांपत्याच्या कुटुंबाची कागदपत्रे जतन केलेली आहेत. संग्रहात दोन हजारांहून अधिक पत्रे आहेत. त्यांतील निवडक पत्रांची मराठी नोंदसूची करावी आणि अशी पत्रे वाचताना जे संदर्भ हाताशी लागतात त्यांची टिपणे तिला जोडावीत, असे या कामाचे स्वरूप ठरले आहे. सूची इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यांना क्वेकर पंथाची माहिती असेलच असे गृहीत धरता येणार नाही, म्हणून सुरुवातीला पंथाची थोडक्यात ओळख देणे आवश्यक आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेला हा पंथ. त्याची मूळ रीत अशी: पगारी धर्मगुरू नाही, मौनातील उपासना, शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचे नाही, आणि सभेत बोलण्याचा अधिकार स्त्रियांनाही आहे.

कुटुंबाची मांडणीही आजच करून ठेवली. एमीचा जन्म १८०२ मध्ये लाँग आयलंडवरील जेरिको या गावी झाला. आयझॅक हा तिच्या थोरल्या बहिणीचा, हॅनाचा, नवरा होता. १८२७ मध्ये हॅना वारली आणि पुढच्या वर्षी एमी व आयझॅक यांचे लग्न झाले. १८३६ मध्ये हे कुटुंब रॉचेस्टरला आले. ईरी कालव्यामुळे हे शहर तेव्हा झपाट्याने वाढत होते. आयझॅकने तेथे औषधांचे दुकान चालवले. लाँग आयलंडवरील माणसे मागे राहिली आणि पत्रव्यवहार सुरू झाला, म्हणजे या संग्रहाचे मूळ स्थलांतरात आहे.

११ जून २०२५

सूचीची पहिली चौकट आखताना एक मूलभूत प्रश्न समोर आला आणि त्यावरच आजचा बहुतेक वेळ गेला. संग्रहाला पोस्ट कुटुंबाचे नाव आहे, परंतु त्यातील बहुतांश पत्रे पोस्ट कुटुंबाने लिहिलेली नसून त्या कुटुंबाला आलेली आहेत. घरात जपून ठेवली जातात ती आलेली पत्रे. गेलेली पत्रे दुसऱ्याच्या घरी असतात, आणि ते घर मोडले, विखुरले किंवा कागद ठेवण्याइतके स्थिर कधी नव्हतेच, तर ती नाहीशी होतात. एमी पोस्टने आयुष्यभर असंख्य पत्रे लिहिली असली पाहिजेत, पण तिच्या हातची पत्रे तिला आलेल्या पत्रांच्या मानाने फारच कमी हाती लागतात. तिचे म्हणणे काय होते, हे इतरांच्या उत्तरांवरून ताडून पाहावे लागते.

ही परिस्थिती या एका संग्रहापुरती नाही. क्वेकर पत्रसंग्रहांतील सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणजे स्वार्थमोर हस्तलिखिते. इंग्लंडच्या वायव्येस अल्वर्स्टनजवळ स्वार्थमोर हॉल या घरात मार्गारेट फेल राहत असे. गावोगावी फिरणारे आणि वारंवार तुरुंगात पडणारे प्रचारक तिला पत्रे लिहीत. ती पत्रे तिने सांभाळली आणि आज ती लंडनमध्ये फ्रेंड्स, म्हणजे क्वेकर, पंथाच्या ग्रंथालयात आहेत. कित्येकांच्या पाठीवर फॉक्सने नंतर स्वतः शेरे लिहिलेले आहेत. दोनशे वर्षांच्या अंतराने दोन स्त्रियांची घरे एका चळवळीची टपालकचेरी झाली आणि दोन्ही ठिकाणी इतिहासाला जे मिळाले ते मुख्यतः इतरांचे अक्षर आहे.

म्हणून निर्णय असा केला आहे की, आपली सूची कुटुंबाच्या नावाने न लावता पत्र लिहिणाऱ्याच्या नावाने लावायची. प्रत्येक नोंदीत ‘हे पत्र कशाचे उत्तर आहे’ आणि ‘याला उत्तर गेल्याचा पुरावा आहे का’ असे दोन वेगळे रकाने असतील. काम वाढेल, पण त्याशिवाय एमीचा आवाज सूचीत कुठेच उमटणार नाही.

१९ जून २०२५

तारखांचे टिपण पूर्ण केले. क्वेकरांनी महिन्यांची आणि वारांची प्रचलित नावे टाळली, कारण त्यांतील अनेक नावे जुन्या रोमन आणि उत्तर युरोपीय देवतांवरून आलेली होती. त्यांच्या पत्रांत ‘पाचवा महिना’, ‘पहिला दिवस’ असे लिहिलेले असते. पहिला दिवस म्हणजे रविवार. पोस्ट संग्रह एकोणिसाव्या शतकातला असल्यामुळे त्यातील पहिला महिना म्हणजे जानेवारीच, आणि तेथे अडचण नाही. परंतु विद्यार्थी या सूचीवरून जुन्या संग्रहांकडे वळतील, तेव्हा त्यांची फसगत होऊ नये म्हणून एक पान जास्तीचे दिले आहे.

१७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे आणि क्वेकर गणनेत मार्च हा पहिला महिना होता. त्या पद्धतीने १७०० सालच्या बाराव्या महिन्यातले पत्र आजच्या गणनेने फेब्रुवारी १७०१ मधले ठरते, आणि ‘सातवा महिना’ म्हणजे जुलै नसून सप्टेंबर असतो. १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागले, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. मोडी कागदांवरील चांद्र तारीख, शक आणि सुहूर सन जुळवताना जंत्री जवळ असावी लागते, हे आपल्याकडच्या दफ्तरांत काम केलेल्यांना सांगायला नको. तेवढीच दक्षता येथे लागते. आपल्या सूचीत पत्रावर लिहिलेली तारीख जशीच्या तशी, त्यापुढे आजच्या गणनेची तारीख आणि त्यापुढे ती तारीख पत्रावरच होती की आपण ठरवली, असे तीन रकाने ठेवले आहेत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. तारीख लिहिण्याची पद्धत ही पत्रलेखक पंथातला की बाहेरचा, याची एक खूण असते. ती निर्णायक मानू नये, पण नोंदवून ठेवावी.

२७ जून २०२५

टपालाच्या दरांचे टिपण लिहिताना या कामात पहिल्यांदाच अतिशय समाधान वाटले, कारण एक कोरडा वाटणारा विषय थेट तारखांच्या प्रश्नाला जाऊन भिडतो.

१८४५ पर्यंत अमेरिकेत टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारला जाई. दीडशे ते चारशे मैलांच्या टप्प्यात एका कागदाला पावणेएकोणीस सेंट, दोन कागद असतील तर दुप्पट. पाकीटही वेगळा कागद म्हणून मोजले जाई, त्यामुळे लोक पाकीट वापरत नसत. एकच मोठा ताव घडी घालून, बाहेरच्या बाजूवर पत्ता लिहून आणि लाखेने किंवा चकतीने चिकटवून पाठवला जाई. पैसे बहुधा पत्र घेणाराच देई. जागा वाचवण्यासाठी समास भरले जात, कधीकधी पान आडवे भरून झाल्यावर तेच पान काटकोनात फिरवून लिहिलेल्या ओळींवरून पुन्हा ओळी लिहिल्या जात. ओळखीचे कोणी त्या दिशेने निघाले असेल तर पत्र त्याच्या हाती दिले जाई, आणि सभांसाठी सतत प्रवास करणाऱ्या क्वेकरांत अशी माणसे सहज मिळत.

१ जुलै १८४५ पासून दर वजनावर आला: अर्ध्या औंसाला तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट आणि त्यापुढे दहा. १८५१ मध्ये आगाऊ भरलेल्या पत्राला तीन सेंट इतका तो उतरला. पत्रे वाढली आणि पाकिटेही रूढ झाली. पण टपालाचा शिक्का आता पाकिटावर पडू लागला आणि पाकीट पत्रापासून वेगळे झाले की शिक्क्यावरचे ठिकाण आणि तारीखही गेली. १८३०च्या दशकातले तारीख नसलेले पत्र त्याच्या पाठीवरच्या शिक्क्यावरून थोडेफार बोलते; १८५०च्या दशकातले तारीख नसलेले पत्र, स्वस्त टपालाच्या काळातले असूनही, अधिक मुके असते. सूचीत ‘बाहेरची बाजू’ असा रकाना सक्तीचा केला आहे.

८ जुलै २०२५

नावांचे काम. क्वेकरांत पंथाबाहेर लग्न करण्यास मनाई होती आणि तसे करणाऱ्यांचे नाव सभासदत्वातून कमी होई, त्यामुळे मोजक्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्या आणि तीच ती नावे फिरत राहिली. या संग्रहात मेरी पोस्ट म्हणजे आयझॅकचा भाऊ जोसेफ याची बायको, लाँग आयलंडवर वेस्टबरी येथे राहणारी. मेरी पोस्ट हॅलोवेल म्हणजे आयझॅक आणि हॅना यांची मुलगी, रॉचेस्टरमधली. सेरा हॅलोवेल ही एमीची धाकटी बहीण. ती पुढे पुनर्विवाहानंतर सेरा विलिस झाली, आणि संग्रहात जिचा उल्लेख येतो ती कॉर्नेलिया विलिस तिची नात्यातली कोणी नव्हे. नोंदीत प्रत्येक व्यक्तीला एक कायम क्रमांक दिला असून लग्नापूर्वीचे आणि नंतरचे नाव त्याखाली एकत्र ठेवले आहे.

अशा वेळी मदतीला येतात ती पंथाची अधिकृत दफ्तरे, आणि कौटुंबिक कागदांपासून ती वेगळी समजून घेतली पाहिजेत. मासिक सभेच्या, म्हणजे पंथाच्या स्थानिक कारभाराच्या बैठकीच्या, इतिवृत्तांत आणि नोंदवह्यांत, पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या स्वतंत्र वह्यांत, जन्म, मृत्यू, विवाह, एका सभेतून दुसरीकडे जाताना दिलेले स्थलांतराचे दाखले आणि सभासदत्व काढून घेतल्याचे ठराव नोंदलेले असतात. विवाहाच्या दाखल्यावर हजर असलेले सगळे सह्या करीत, लहान मुलेसुद्धा, त्यामुळे एकेक दाखला म्हणजे त्या दिवशी त्या जागी कोण कोण होते याची यादीच असते. पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर महाविद्यालयाचे फ्रेंड्स ऐतिहासिक ग्रंथालय १८७१ मध्ये स्थापन झाले. तेथे आणि हॅव्हरफर्ड महाविद्यालयात अशा सभादफ्तरांचे मोठे संग्रह आहेत. सभेचे दफ्तर ठराव सांगते, ठरावामागचे घरातले बोलणे पत्रांत सापडते. एकाशिवाय दुसऱ्याचा अर्थ लावू नये, असे स्पष्ट वाक्य प्रस्तावनेत घालावे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण पोस्ट दांपत्याचेच आहे. १८२७-२८ मध्ये अमेरिकी क्वेकरांत फूट पडली आणि जेरिकोच्याच इलायस हिक्स या प्रचारकाच्या बाजूने जो गट गेला त्यात हे कुटुंब होते. पुढे गुलामगिरीविरोधी संस्थांत पंथाबाहेरच्या लोकांबरोबर उघडपणे काम करावे की नाही यावर त्या गटातही तीव्र मतभेद झाले, आणि १८४५ च्या सुमारास एमी आणि आयझॅक सभेतून बाहेर पडले. जोसेफ आणि मेरी मात्र पंथात राहिले. गुलामगिरी दोन्ही घरांना तितकीच अमान्य होती. पत्रव्यवहार तुटला नाही, आणि म्हणूनच या दोन घरांमधली पत्रे सूचीत सलग, एकापाठोपाठ ठेवायची आहेत.

१५ जुलै २०२५

आलेल्या पत्रांच्या नोंदीवरून हरवलेली बाजू कशी उभी करायची, यासाठी एलिझाबेथ ड्रिंकरच्या रोजनिशीचा नमुना घेतला. फिलाडेल्फियातील या क्वेकर गृहिणीने १७५८ पासून १८०७ मधील मृत्यूपर्यंत रोजनिशी ठेवली. तिचा नवरा हेन्री याला १७७७ मध्ये क्रांतीच्या सरकारने इतर क्वेकरांबरोबर व्हर्जिनियातील विंचेस्टर येथे हद्दपार केले. तेव्हा कोणाच्या हाती पत्र आले आणि काय खबर होती, हे ती टिपत गेली. पुढच्या एप्रिलमध्ये ती आणि आणखी काही बायका थेट व्हॅली फोर्ज येथे जनरल वॉशिंग्टनच्या तळावर गेल्या. रोजनिशी आणि पत्रे शेजारी ठेवली की पत्रांच्या मधल्या जागा भरू लागतात.

२४ जुलै २०२५

हॅरिएट जेकब्सची पत्रे. ही सूची करावी असे ज्या कागदांमुळे मनात आले ते हेच, आणि त्यांना हवा तेवढा वेळ द्यायचा असे ठरवले आहे.

जेकब्सचा जन्म १८१३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील ईडन्टन येथे गुलामगिरीत झाला. मालकाच्या लैंगिक छळापासून सुटण्यासाठी ती पळाली आणि आजीच्या घराच्या छपराखालच्या, जेथे उभेही राहता येत नव्हते अशा पोकळीत जवळजवळ सात वर्षे लपून राहिली. १८४२ मध्ये ती उत्तरेत पोहोचली. १८४९ मध्ये तिचा भाऊ जॉन रॉचेस्टरमध्ये गुलामगिरीतून सुटून आलेला नेता फ्रेडरिक डग्लस याच्या ‘नॉर्थ स्टार’ या वर्तमानपत्राच्या कचेरीच्या वर गुलामगिरीविरोधी वाचनालय चालवत होता, तेथे ती आली आणि पोस्ट कुटुंबाच्या घरी राहिली. आपली हकीकत तिने एमीला सांगितली आणि ती लिहून काढण्याचा आग्रह एमीने धरला. १८५२ मध्ये, जिच्या घरी ती काम करत होती त्या कॉर्नेलिया विलिसने तीनशे डॉलर देऊन तिची कायदेशीर मुक्तता केली. विलिस कुटुंबाची मुले सांभाळत, दिवसाचे काम आटोपून रात्री, जेकब्सने पुस्तक लिहिले. एमीला लिहिलेल्या पत्रांतून हे सारे दिसते: आधीचा संकोच, आपली लाज उघड करावी लागेल याची भीती, मग निश्चय, वेळ मिळत नसल्याची तगमग, आणि शेवटी पुस्तकासाठी एमीकडून दोन शब्द मागणे. पुस्तक १८६१ मध्ये बोस्टनला ‘लिंडा ब्रेंट’ या टोपणनावाने, लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. अखेरीस एमी पोस्टचे निवेदन आहे.

पुढे लेखिकेचे नाव विस्मरणात गेले. हे पुस्तक चाइल्डबाईंची कादंबरी असावे असे मत रूढ झाले, आणि १९७०च्या दशकातही नामवंत इतिहासकारांनी त्याच्या सत्यतेवर शंका घेतली. ती शंका दूर केली जीन फेगन येलिन या साहित्याच्या अभ्यासिकेने. तिने पोस्ट संग्रहातली जेकब्सची पत्रे पुस्तकाशी ताडून १९८१ मध्ये लेख प्रसिद्ध केला आणि १९८७ मध्ये सटीप आवृत्ती सिद्ध केली. पुस्तकातले शब्द आणि पत्रांतले शब्द एकाच व्यक्तीचे आहेत, हे कागदावरून सिद्ध झाले.

मला यातून सूचीच्या पद्धतीविषयी अगदी ठोस असे काही घ्यायचे आहे. ही पत्रे कोणी लपवलेली नव्हती. ती एका क्वेकर कुटुंबाच्या नावाखाली, त्या कुटुंबाच्या इतर शेकडो पत्रांबरोबर ठेवलेली होती. ज्या गुलाम स्त्रीचा स्वतःचा म्हणून कोणताही संग्रह नव्हता, तिचा पुरावा दुसऱ्याच्या घरच्या कागदांत होता, आणि तो शोधण्यासाठी आधी ते नाव शोधण्यासारखे आहे हे कोणाला तरी वाटावे लागले. सूची लेखकनिहाय लावण्याचा ११ जूनचा निर्णय यापुढे बदलायचा नाही.

२६ जुलै २०२५

परवाच्या नोंदीला पुरवणी. येलिनने केवळ क्वेकर कागदांवर विसंबून चालवले नाही. ज्या डॉ. जेम्स नॉरकॉमच्या छळातून जेकब्स पळाली त्याच्या कुटुंबाची कागदपत्रेही नॉर्थ कॅरोलिनात जतन झाली आहेत. १८३५ मध्ये त्याने तिला पकडून देणाऱ्यास शंभर डॉलरचे बक्षीस वर्तमानपत्रात जाहीर केले होते, तेही उपलब्ध आहे. छळणाऱ्याचे घर आणि आसरा देणारे घर, दोन्हींनी आपापले कागद ठेवले, आणि दोन्ही समोरासमोर ठेवल्यावर तिचे कथन खरे ठरले. सूचीत ‘अन्यत्र असलेला संबंधित संग्रह’ हा रकाना वाढवला.

जेकब्सच्या पत्रांत विरामचिन्हे फार कमी आहेत आणि स्पेलिंग ठराविक नाही. मराठी सारांश करताना वाक्ये सारखी, गुळगुळीत करण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. जेथे तिचे वाक्य न थांबता पुढे जाते तेथे सारांशातही ते जाऊ द्यावे. कायद्याने जिला अक्षरओळखही नाकारली असती तिचे हे लेखन आहे, त्याची डागडुजी करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

५ ऑगस्ट २०२५

एका विद्यार्थिनीने विचारले की मराठी वाचकाने रॉचेस्टरच्या एका औषधविक्रेत्याच्या घरचे कागद का वाचावेत. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रस्तावनेत आले पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, ते अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली त्यांना अर्पण केले आहे. ते लोक कोण होते, त्यांची घरे कशी होती, पळून आलेल्या माणसाला रात्री जेवायला कोण वाढत असे आणि सकाळी कॅनडाकडे जाणाऱ्या बोटीपर्यंत कोण पोहोचवीत असे, हे मराठीत फारसे लिहिलेले नाही. पोस्ट कुटुंबाचे सोफिया स्ट्रीटवरील घर अशाच घरांपैकी एक होते. आयझॅक १८७२ मध्ये वारला, म्हणजे फुल्यांची अर्पणपत्रिका छापली जाण्याच्या अगदी आदल्या वर्षी. त्या अर्पणपत्रिकेत एका वाक्यात आलेली माणसे नावानिशी भेटावीत, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

१४ ऑगस्ट २०२५

१८४८ नंतरच्या कागदांत मृतात्म्यांशी संवादाचे उल्लेख वारंवार येतात. मृतात्मे ठोक्यांनी उत्तरे देतात असे सांगणाऱ्या फॉक्स भगिनींच्या ठोक्यांवर सुरुवातीलाच विश्वास ठेवणाऱ्यांत पोस्ट दांपत्य होते आणि आयझॅक स्वतः आत्म्यांचे लेखन उतरवू लागला. हे कागद सूचीतून वगळावेत अशी एक सूचना आली, ती मान्य केली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेच्या जाहीरनाम्यावर एमीने सही केली आणि २ ऑगस्टला रॉचेस्टरमध्ये पुढची परिषद भरवण्यात पुढाकार घेतला. तेथे अध्यक्षस्थानी ॲबिगेल बुश ही स्त्री होती. त्यांच्या मनात हे सारे एकत्र नांदत होते. आपल्याला पटेल तेवढेच ठेवले तर ती निवड आपली होईल, संग्रह त्यांचा राहणार नाही.

२२ ऑगस्ट २०२५

व्याप्तीविषयी निर्णय. होशंगाबाद येथे काम केलेल्या इंग्रज क्वेकर मिशनऱ्यांची, गांधीजींशी पत्रव्यवहार असलेल्या ॲगाथा हॅरिसन आणि होरेस अलेक्झांडर यांची, तसेच सेवाग्रामला नई तालीमचे काम केलेल्या मार्जरी साइक्स यांची कागदपत्रे हा आपल्या अधिक जवळचा विषय आहे, हे खरे. परंतु ते कागद मुख्यतः संस्थात्मक आणि राजकीय कामातून निर्माण झालेले आहेत. त्यांना कौटुंबिक पत्रांची चौकट लावली तर दोन्हींवर अन्याय होईल. त्यांची सूची स्वतंत्रच व्हावी.

२ सप्टेंबर २०२५

पहिला भाग, म्हणजे लाँग आयलंडची पत्रे आणि जेकब्सची पत्रे, तपासणीसाठी दोन जाणत्या वाचकांकडे पाठवला. ज्या नोंदींत उत्तराचा रकाना रिकामा आहे तेथे रेघ न मारता ‘एमीचे पत्र उपलब्ध नाही, या पत्रावरून पुढील गोष्टी कळतात’ असे लिहून मजकूर दिला आहे, आणि तो भाग वेगळ्या टायपात छापण्याची विनंती केली आहे.

पुढच्या भागात विल्यम कूपर नेलची पत्रे घ्यायची आहेत. बोस्टनचा हा कृष्णवर्णीय पत्रकार ‘नॉर्थ स्टार’च्या कामासाठी रॉचेस्टरला आला तेव्हा पोस्ट कुटुंबाच्या घरी राहिला आणि बोस्टनला परतल्यावरही एमीला लिहीत राहिला. बोस्टनच्या शाळांतील वर्णभेद मोडण्यासाठी त्याने दीर्घकाळ लढा दिला आणि १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने तसा कायदा केला. त्याच्या पत्रांची नोंद करण्यापूर्वी त्या लढ्याची कालसूची आधी करून घ्यावी लागेल, म्हणजे तारीख नसलेली पत्रे तिच्याशी ताडून पाहता येतील.